महामार्गावर कुठे थांबावे आणि थांबल्यावर काय करावे

गोव्यात गाडी चालवणाऱ्या माणसाला थांब्याचा आगाऊ विचार करण्याची सवय नसते. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ ची गोव्यातली लांबी सुमारे १४० किलोमीटर आहे, आणि एवढ्या अंतरात म्हापसा, पर्वरी, पणजी, वेर्णा, मडगाव, कुंकळ्ळी, काणकोण अशी गावे एकामागून एक येत राहतात, त्यामुळे चहा असो वा लघुशंका, कशासाठीही फार खोळंबावे लागत नाही. हीच सवय घेऊन आपण फोंड्याहून पुण्याला किंवा म्हापशाहून मुंबईला निघतो, आणि मग घाटाच्या मध्यावर मागच्या सीटवरून मुलाचा रडवेला आवाज आला की वळणाच्या कडेला, जिथे मुळीच थांबू नये अशा जागी, गाडी उभी करतो. पुढील सूचना अशा लांबच्या प्रवासासाठी आहेत.

थांबे घरून निघण्यापूर्वीच ठरवावेत आणि ते ठरवताना हॉटेलच्या नावापेक्षा चालकाच्या शरीराचा विचार आधी करावा. व्यावसायिक चालकांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने (तो २०२५ पर्यंत लागू होता) सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. परंतु ही कायद्याची शेवटची मर्यादा होती, तिला आदर्श मानून चालणार नाही. स्वतःची मोटार चालवणाऱ्या, आठवडाभर कचेरीत बसणाऱ्या माणसाने दर दोन तासांनी, थकवा जाणवो वा न जाणवो, पंधरा मिनिटे गाडीतून उतरावे, असा माझा नियम आहे. सोबत वृद्ध, मधुमेही, गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल, तर हे अंतर दीड तासावर आणावे. "पुढे चांगले काहीतरी लागेल" या आशेवर थांबा पुढे ढकलण्याची खोड आपल्यापैकी बहुतेकांना असते. दोन थांबे कागदावर आधी लिहून ठेवले, आणि त्यांना एक पर्यायही जोडून ठेवला, तर ती खोड बरीचशी मोडते.

कागदावर कोणत्या जागा लिहाव्यात? राष्ट्रीय महामार्गांवर साधारण ४० ते ६० किलोमीटरच्या अंतराने प्रवासी सुविधा केंद्रे उभारण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे. अशा केंद्रात वाहनतळ, शौचालय, पिण्याचे पाणी, उपाहारगृह, इंधन, विजेवरील गाड्यांचे चार्जिंग आणि मालवाहू चालकांना झोपण्याची सोय एकाच आवारात असावी, अशी अपेक्षा असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'हमसफर' धोरणात बाळांच्या देखभालीसाठी स्वतंत्र खोली आणि चाकाच्या खुर्चीची सोय यांचाही समावेश झाला. तथापि धोरण सर्वत्र आहे आणि केंद्र मात्र सर्वत्र नाही. म्हणून टोलनाक्याजवळची शौचालये, पेट्रोल पंप, बसस्थानके आणि वर्दळीची उपाहारगृहे यांनाही यादीत स्थान द्यावे लागते. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि शौचालय विनामूल्य मिळाले पाहिजे, असा तेल कंपन्यांचाच नियम आहे, त्यामुळे तेथे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. गोव्याच्या हद्दीत पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथील कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) स्थानके या कामी हमखास उपयोगी पडतात. जुन्या काळी आपल्याकडे ही गरज देवळांच्या अग्रशाळा (आवारातल्या उतरण्याच्या जागा) भागवीत. आजही मंगेशी किंवा रामनाथीच्या आवारात वाटसरूला दोन घटका बसता येते, पण देवळात दर्शनासाठी जावे आणि मग विसावावे. केवळ स्वच्छतागृह शोधत तेथे शिरणे बरे दिसत नाही.

गोव्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर एक टप्पा असा आहे की तेथे सोयी विरळ होतात, आणि पहिला थांबा त्याच्या अलीकडे असावा. अनमोड घाटाने बेळगावला जाणाऱ्याने उसगाव-तिस्क किंवा धारबांदोडा येथेच सर्व उरकून घ्यावे. मोलेच्या पुढे अभयारण्याचे रान आणि त्यानंतर घाट लागतो. तेथील माकडांना खाऊ घालण्यासाठी थांबलेल्या गाड्या पाहून आपणही थांबण्याचा मोह होतो, तो आवरावा. चोर्ला घाटाने जाणाऱ्यासाठी साखळी हे शेवटचे सोयीचे गाव समजावे. त्यापुढे केरीनंतर चढ सुरू होतो, अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि पावसाळ्यात धुक्याने दहा हातांवरचे दिसत नाही. मुंबईच्या दिशेने बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली ही गावे पाठोपाठ आहेत, मात्र पुढे रत्नागिरी जिल्ह्यात अंतरे वाढतात आणि परशुराम, कशेडी यांसारखे डोंगराळ टप्पे येतात, म्हणून तिथला प्रत्येक थांबा आधी ठरलेला असावा. कारवारकडे जाणाऱ्याने करमल घाटाच्या अलीकडे बाळ्ळीला किंवा घाट उतरल्यावर काणकोणच्या चार रस्त्याला थांबावे, मध्ये थांबू नये.

थांबा प्रत्यक्ष दिसल्यावर तो योग्य आहे की नाही हे दोन मिनिटांत ठरवता येते. आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी आहे का, गाड्या रस्त्यापासून पुरेशा आत उभ्या आहेत का, रात्र असल्यास शौचालयाच्या दारापर्यंत उजेड आहे का आणि आवारात कुटुंबे दिसतात का, हे पाहावे. स्त्रियांच्या दृष्टीने शेवटचे दोन निकष निर्णायक असतात. एरवी झगमगीत दिसणाऱ्या हॉटेलचे स्वच्छतागृह मागच्या बाजूला, शेतालगत अंधारात असते, हा अनुभव नवा नाही. मालवाहू गाड्यांसाठीच्या ले-बायमध्ये (रस्त्यालगत राखलेल्या थांबण्याच्या जागेत) मोटार घुसवू नये. रात्रभर चाक फिरवलेल्या माणसाची ती झोपण्याची जागा असते, आणि पाठीमागे घेतल्या जाणाऱ्या ट्रकच्या आरशात आपली छोटी गाडी दिसतही नाही. जून ते सप्टेंबर या काळात उभ्या कापलेल्या दरडीला लागून किंवा जुन्या झाडाखाली गाडी लावू नये, मग तिथे आडोसा कितीही चांगला वाटो.

आता झोपेविषयी, कारण थांब्याचा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे आणि आपल्याकडे त्याचीच सर्वांत अधिक हेळसांड होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते, म्हणजे चालकाला चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे ९० मीटर कोणाच्याही ताब्यात नसते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर स्वभावतःच सुस्तावते. संध्याकाळी उशिरा मडगाव सोडून पहाटे पुण्याला पोहोचण्याचा बेत म्हणूनच धोक्याचा ठरतो, कारण घाट जागेपणी पार पडतो आणि बेळगावनंतरचा रुंद, सरळ महामार्ग नेमका झोपेच्या वेळी वाट्याला येतो. वारंवार जांभई येणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी पट्ट्यावरून सरकणे ही लक्षणे दिसली की काच खाली करणे किंवा गाणी मोठ्याने लावणे हे उपाय निरुपयोगी असतात, झोपेवर झोप हाच इलाज असतो. साताऱ्याच्या अलीकडे एकदा माझ्या पत्नीने मला हाक मारून जागे केले होते, आणि त्या क्षणापर्यंत मी जागाच आहे याविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती.

थांब्यावर पोहोचताच आधी कॉफी किंवा कडक चहा घ्यावा आणि लगेच झोपावे. हा क्रम उलटा वाटला तरी बरोबर आहे, कारण कॅफिनचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि तोवर आपली डुलकी पूर्ण होते. गजर वीस मिनिटांचा लावावा. पाऊण तास झोपल्यास माणूस गाढ झोपेतून उठतो आणि उठल्यावर काही काळ डोके जड राहते. झोपताना इंजिन बंद ठेवावे, गाडी सावलीत उभी करावी, काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात आणि दारे आतून लावावीत. इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून बंद गाडीत झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड आत साचण्याचा धोका असतो, आणि त्या वायूला वास नसतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी चढते, तेव्हा "पाच मिनिटांत येतो" म्हणून मुलाला किंवा कुत्र्याला आत ठेवून जाऊ नये. उठल्यावर तोंड धुऊन, आवारात एक फेरी मारून मगच चाक हाती घ्यावे.

खाण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. चालकाने पोटभर मासळीचे जेवण दुपारच्या थांब्यावर घेऊ नये, भाजी-पाव, इडली किंवा फळे यांवर भागवावे. सीमेजवळच्या बारमध्ये 'एकच' म्हणून बसू नये. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही मद्याची कायदेशीर मर्यादा आहे आणि आपण तिच्या आत आहोत की बाहेर, हे पिणाऱ्याला कळत नाही.

थांब्यावर गाडीकडेही एक नजर टाकावी. टायर डोळ्यांनी पाहावेत, पण लांबून आल्यावर मोजलेला हवेचा दाब गरम टायरमुळे अधिक दिसतो, म्हणून तेथे हवा काढून टाकू नये. दाब निघण्यापूर्वी, थंड टायरवर तपासावा. घाट उतरल्यानंतर ब्रेकचा जळका वास येत असेल तर तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, अर्धा तास नुसते थांबावे. विजेवरील गाडीवाल्यांना या बाबतीत मी भाग्यवान समजतो, कारण चार्जिंगमुळे त्यांना विश्रांती सक्तीने घ्यावी लागते.

शौचालय कुलूपबंद किंवा वापरण्याच्या पलीकडे असेल तर निमूटपणे पुढे जाऊ नये. एका पंपावर माझ्या वृद्ध आईसाठी किल्ली मागितली असता "ते फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे" असे उत्तर मिळाले. तक्रारवही मागताच किल्ली सापडली. राष्ट्रीय महामार्गावरील त्रुटींची छायाचित्रासह तक्रार 'राजमार्गयात्रा' या ॲपवर करता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर टोलनाक्यावरील अस्वच्छ शौचालयाचे छायाचित्र त्या ॲपवर पाठवणाऱ्यास फास्टॅगमध्ये १००० रुपये देण्याची योजना राबवण्यात आली होती. महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक रेंज असतानाच सर्वांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवावेत. आणि आपण वापरलेल्या जागी पाणी ओतून, आपला कचरा कचराकुंडीत टाकून निघावे, कारण पुढची गाडीही कोणा आजीला घेऊन येत असते.

निघताना माणसे मोजावीत, शौचालयात मोबाइल किंवा चष्मा राहिला नाही ना ते विचारावे आणि गाडीखाली वाकून पाहावे. सावलीसाठी तेथे कुत्रे येऊन झोपते, आणि तेल किंवा पाणी गळत असेल तर त्याचा डागही तेथेच दिसतो. बाहेर पडण्याच्या वाटेवर इंडिकेटर देऊन थांबावे, उजव्या आरशात पाहून एकदा मान वळवूनही पाहावे, आणि भरधाव येणारी गाडी पुरेशी दूर असेल तरच डाव्या पट्ट्यात शिरून हळूहळू वेग वाढवावा.