ओन्सेनची एक दिवसाची सहल: या चुका टाळा

टोकियोहून सकाळी निघून रात्री परत येता येईल असे उष्ण झऱ्यांचे ठिकाण विचारले, की बहुतेकांच्या तोंडी हाकोनेचे नाव येते. शिंजुकु स्थानकावरून सुटणारी रोमान्सकार ही गाडी सुमारे दीड तासात हाकोने-युमोतोला पोहोचवते आणि स्थानकाबाहेर पडताच स्नानगृहांच्या पाट्या दिसू लागतात. नैसर्गिक उष्ण पाण्याच्या अशा स्नानगृहाला जपानी भाषेत ओन्सेन म्हणतात आणि मुक्काम न करता त्याच दिवशी परतण्याला हिगाएरी. सारे इतके सोयीचे असूनही विश्रांतीसाठी गेलेली माणसे पुष्कळदा दमून, क्वचित ओशाळूनही परततात. माझ्या मते त्याचे कारण स्नानगृहाच्या नियमांपेक्षा दिवसाच्या आखणीत अधिक असते, म्हणून सुरुवात तेथूनच करू.

स्नान यादीच्या शेवटी ठेवणे

हाकोनेला जाणारे बहुतेक प्रवासी फ्रीपास म्हणजे तेथील सर्व वाहनांचा एकत्रित पास घेतात आणि मग पासाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून संपूर्ण फेरीच्या मागे लागतात. डोंगर चढणारी छोटी आगगाडी, गोराहून केबलकार, तेथून पुढे रोपवे, ओवाकुदानीची गंधकाची वाफ आणि काळ्या कवचाची अंडी, आशी सरोवरातील नौका आणि शेवटी बस, अशी ती फेरी रांगांसह अख्खा दिवस खाते. वारा किंवा ज्वालामुखीचे वायू वाढले, की रोपवे बंद होतो आणि उरलेले वेळापत्रकही कोलमडते. संध्याकाळी सहाला थकून स्नानगृहाच्या दाराशी पोहोचावे, तर शेवटच्या प्रवेशाची वेळ टळून गेलेली असू शकते, कारण ती स्नानगृह बंद होण्याच्या बरीच आधी, बहुधा तासभर आधी असते. र्योकान म्हणजे पारंपरिक निवासगृहे तर बाहेरच्या माणसांना बहुधा दुपारचे काही तासच घेतात, कारण नंतर मुक्कामी पाहुणे येऊ लागतात. विश्रांती हाच हेतू असेल, तर सकाळी थेट स्नानाला जावे, दुपारी जेवून पुन्हा एकदा पाण्यात उतरावे आणि सरोवर दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे. महाराष्ट्रातून इतक्या दूर आल्यावर काही सोडून देणे जिवावर येते हे खरे, पण दोन्ही साधण्याच्या नादात दोन्ही अर्धवट राहतात.

पासाबद्दल आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. फ्रीपासात रोमान्सकारचे जादा शुल्क धरलेले नसते. गाडीतील सर्व आसने आरक्षित असल्याने ते वेगळे भरावे लागते आणि सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरतात. जपान रेल पास असलेल्यांनी हाकोनेजवळच्या ओदावारा स्थानकापर्यंत शिनकान्सेन या अतिवेगवान गाडीने यावे, मात्र तेथून पुढचा डोंगराचा मार्ग त्या पासात येत नाही.

पाटी वाचून ठिकाण निवडणे

जपानच्या 1948 सालच्या कायद्यानुसार ओन्सेन म्हणवण्यासाठी जमिनीतून निघणारे पाणी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाचे असावे लागते, किंवा त्यात ठरवून दिलेल्या द्रव्यांपैकी एक तरी ठरावीक प्रमाणात असावे लागते. म्हणजेच कोमट, प्रसंगी थंड झऱ्याचे पाणी तापवून वापरले, तरी ते रीतसर ओन्सेन ठरते. झऱ्याचे पाणी सतत आत येऊन वाहून जाते, की तेच गाळून पुन्हा फिरवले जाते, हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘काकेनागाशी’ हा शब्द शोधावा, कारण वाहत्या पाण्याच्या कुंडाला तो शब्द लावतात. सेन्तो म्हणजे गल्लीतले सार्वजनिक स्नानगृह. तेथे सहसा साधे पाणी तापवलेले असते. ते वाईट मुळीच नाही, पण त्यासाठी हाकोनेपर्यंत जाण्याची गरज नाही.

अंघोळीसाठी कुंडात उतरणे

वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा संगमेश्वराजवळच्या राजवाडीची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात उष्ण झऱ्याचे एक चित्र असते: अंगावर वस्त्र ठेवून कुंडात उतरायचे आणि त्याच पाण्याने अंघोळ करायची. जपानमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे अंघोळ आधी होते आणि कुंड नंतर येते. कुंडाचे पाणी अंग शेकण्यासाठी असते, मळ काढण्यासाठी नसते, आणि पुढच्या माणसालाही त्याच पाण्यात बसायचे असते. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल न ठेवणाऱ्या आपल्या आजीला ही रीत समजावून सांगावी लागली नसती.

म्हणून कपडे बदलण्याच्या खोलीत सर्व कपडे उतरवून, फक्त लहान पंचा हाती घेऊन आत जावे. भिंतीलगत नळ आणि बुटकी स्टुले असतात. तेथे बसूनच साबण लावावा, कारण उभ्याने अंघोळ केल्यास शिंतोडे शेजाऱ्यावर उडतात. फेस पूर्ण धुऊन झाला, की स्टूल आणि बादलीही धुऊन ठेवावी. केसांना तेल असेल, तर ते शाम्पूने काढून टाकावे आणि लांब केस वर बांधावेत. कुंडाशेजारी ठेवलेल्या पाण्याचे चार तांबे पायांपासून वर अंगावर घेणे याला काकेयू म्हणतात. त्यामुळे अंग स्वच्छ होते आणि उष्णतेची सवयही होते. पंचा पाण्यात बुडवू नये. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. तो चुकून पाण्यात पडलाच, तर उचलून कुंडाबाहेर पिळावा, तेवढ्याने कोणी रागावत नाही.

विवस्त्र होण्याचा संकोच ही नवख्यांची सर्वांत मोठी अडचण असते आणि त्यावर अंतर्वस्त्र घालून उतरणे हा उपाय चालत नाही. तासाच्या बोलीने भाड्याने मिळणारे खासगी कुंड आधी नोंदवून ठेवता येते, आणि हाकोनेतील युनेस्सान या स्नानसंकुलात पोहण्याच्या पोशाखात सर्व कुटुंबाला एकत्र उतरता येणारा विभाग आहे. काहीच नको असेल, तर रस्त्याकडेची पाय बुडवण्याची कुंडे आहेतच.

पुरुष आणि स्त्रियांचे विभाग दारावरच्या पडद्यांनी ओळखले जातात. केवळ निळ्या-लाल रंगावर विसंबू नये. ज्या अक्षरात वर चार घरांची चौकट दिसते, ते अक्षर पुरुषांचे. अनेक ठिकाणी दोन्ही विभागांची रोज अदलाबदल होते, तेव्हा मागच्या खेपेच्या आठवणीवर आत शिरणे धोक्याचे ठरते. मोबाइल कपड्यांच्या खोलीतही बाहेर काढू नये.

गोंदण आणि जोडवी

टॅटूबद्दलचा नियम सर्वत्र सारखा नाही. जपानच्या पर्यटन संस्थेने 2015 साली केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी टॅटू असलेल्यांना प्रवेश नाकारला जात असल्याचे दिसले. मनगटावरचे तुळशीवृंदावनाचे पारंपरिक गोंदणही दारावरच्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने टॅटूच ठरू शकते, त्यामुळे ते झाकणारी चिकटपट्टी चालेल का, हे आधी विचारावे. ह्योगो प्रांतातील किनोसाकीची सातही सार्वजनिक स्नानगृहे टॅटू असलेल्यांना प्रवेश देतात, पण ते गाव टोकियोहून एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ नाही.

चांदीची जोडवी आणि पैंजण घरीच काढून ठेवावेत, कारण गंधकयुक्त पाण्यात चांदी पाहता पाहता काळी पडते. कुसात्सु या दुसऱ्या ओन्सेनगावाचे पाणी तर अतिशय आम्लयुक्त, सुमारे 2 पीएचचे आहे. त्वचेवर ताजा ओरखडा असेल, तर ते चांगलेच झोंबते, आणि नाजूक त्वचा असलेल्यांनी अशा पाण्यातून निघाल्यावर साध्या पाण्याने अंग धुवावे. सौम्य पाण्याच्या बाबतीत मात्र न धुता नुसते टिपून घेण्याची रीत आहे.

चक्कर आली तर

पाणी बहुधा 40 ते 42 अंशांचे असते. घरच्या बादलीत ही उष्णता सहन होते, पण गळ्यापर्यंत बुडाल्यावर हृदयावर ताण येतो. पहिल्या खेपेस पाच मिनिटे पुरे आहेत. कपाळावर घाम आला, की काठावर बसावे आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरावे. मद्य घेऊन किंवा भरपेट जेवून लगेच उतरू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा. डोके हलके वाटू लागले, तर झटकन उभे राहू नये, कारण त्या क्षणी रक्तदाब उतरून माणूस पडतो. काठाला धरून हळू बाहेर यावे, थंड जागी आडवे व्हावे, कपाळावर ओला पंचा ठेवावा आणि पाणी प्यावे. शेजाऱ्याला हाक मारण्यात भिडस्तपणा करू नये.

शाकाहारी मंडळींनी भुकेची सोय वेगळी पाहावी. तेथील उपाहारगृहात शेवयांचा साधा दिसणारा रस्साही बहुधा सुक्या माशाच्या अर्काचा असतो.

निघण्याची घाई

कपड्यांच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी पंचा पिळून अंग टिपावे. तेथील जमीन कोरडी ठेवणे ही ज्याची त्याची जबाबदारी समजली जाते आणि पाहुणे नेमके हेच विसरतात. परतीच्या गाडीची वेळ ठरवताना स्नानानंतरचा किमान एक तास मोकळा धरावा. विश्रांतीच्या दालनात चटईवर पडून राहावे, काचेच्या बाटलीतले थंड दूध प्यावे आणि थंडीचे दिवस असल्यास केस पूर्ण वाळवूनच बाहेर पडावे. बूट ठेवण्याच्या खणाला 100 येनचे नाणे लागत असेल, तर कुलूप उघडल्यावर ते परत मिळते, तेवढे घ्यायला विसरू नये.