भुसा आधी बघा, औषध मग : घरातलं लाकूड आणि अंगणातलं झाड किडीपासून कसं वाचवावं

मे महिन्यात वळवाची पहिली सर येऊन गेली की त्याच संध्याकाळी पुण्यात दिव्यांभोवती पाखरं जमतात. सकाळी गॅलरीत पंखांचा खच पडलेला असतो. आपण झाडू फिरवतो आणि विसरून जातो. पुढच्या वेळी केरात टाकण्याआधी त्यातले चार पंख तळहातावर घेऊन बघा. चारही सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. पुढचे लांब, मागचे आखूड असतील तर मुंग्या, त्यांना जाऊ द्या. पंख बाहेरच्या दिव्याखाली पडले असतील तर घाबरायचं कारण नाही. बंद खोलीत, खिडकीच्या आतल्या कठड्यावर किंवा चौकटीच्या पायाशी पडले असतील, तर वसाहत घराखाली किंवा भिंतीतच कुठेतरी आहे.

हे मला उशिरा कळलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात देवघराच्या चौकटीवर मातीची एक रेघ चढली होती, पेन्सिलीएवढी जाड. मी ती फडक्यानं पुसली, वर झुरळांचा स्प्रे मारला आणि प्रश्न मिटला असं समजलो. गणपतीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून पाट काढला. वरून अगदी शाबूत, आजीच्या वेळचा लाल रंग तसाच. उचलताना अंगठा दाबला आणि तो सरळ आत गेला. पाटाचा रंगाचा पापुद्रा तेवढा उरला होता, आत नुसती माती. आमचे सुतारकाका बघायला आले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोण खातंय ते बघितलंत का?"

सगळं इथूनच सुरू होतं. वाळवी, लाकडातले भुंगेरे, झाडाचं खोड पोखरणारा भिरूड यांची औषधं वेगळी, वागणं वेगळं. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं काम : खाणारा ओळखा

लागणारं सामान घरातच असतं : टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, काळा कागद, पेन्सिल. संशय असलेल्या लाकडावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करत जा. भरीव आवाज जिथे पोकळ होतो, तिथे टोक हलकेच दाबून बघा.

मातीच्या नळ्या दिसल्या आणि आत मातीनं भरलेल्या खाचा सापडल्या, तर ती जमिनीतली वाळवी. माती अजिबात नाही, पण खाली खसखशीएवढे कडक, कोरडे दाणे पडतायत आणि भिंगातून ते सहा पैलूंचे दिसतायत, तर ती कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी. दमट किनारपट्टीतून आणलेल्या जुन्या सामानाबरोबर ती येऊ शकते. टाल्कम पावडरीसारखा मऊ भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे भुंगेरे. आणि बोट जाईल एवढं स्वच्छ गोल भोक, खाली जाडसर भुसा आणि आसपास गुणगुणणारा मोठा काळा भुंगा असेल, तर तो आपला नेहमीचा भुंगा, कमळात अडकतो म्हणतात तो. वाशाला किंवा मांडवाच्या बांबूला मात्र तो बिनदिक्कत भोक पाडतो. लाकूड तो खात नाही, फक्त घर करतो, आणि फुलांचं परागीभवनही करतो. त्याला मारू नका. पिल्लं उडून गेली की भोक बुजवून वर रंग द्या.

भुंगेऱ्यांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. भोक दिसलं की किडा आत शिरला असं आपल्याला वाटतं. खरं तर ते बाहेर पडल्याचं भोक आहे. अळी आत बरेच महिने लाकूड कुरतडते आणि मोठी झाली की भुंगेरा होऊन निघून जातो. म्हणजे जुन्या कपाटाला पन्नास भोकं आहेत म्हणून आत्ता कीड आहेच असं नाही. तपासायचं असं : सगळा भुसा ब्रशनं झाडून टाका, प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीनं गोल करा, शेजारी तारीख घाला आणि खाली काळा कागद अंथरा. उन्हाळाभर बघा. गोल नसलेलं नवीन भोक दिसलं किंवा कागदावर ताजा पिवळसर भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. नाहीतर औषधाचा खर्च वाचला.

वाळवी असेल तर

मातीची नळी लगेच पुसू नका, मी केलेली चूक तीच. एका जागी बोटभर तोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. तुटलेला भाग पुन्हा बांधला गेला असेल तर वाट चालू आहे. मग ती नळी कुठून येते याचा माग काढा. जमिनीतल्या वाळवीला ओल लागतेच, म्हणून मूळ बहुतेक वेळा गळक्या नळाशी, संडासाच्या भिंतीशी किंवा पायाशी टेकलेल्या कुंड्यांशी सापडतं. "आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो" यावर विसंबू नका. सोसायटीच्या डक्टमधून, वायरच्या पाइपमधून ती वर चढते. आधी गळती दुरुस्त करा. ओल तशीच ठेवून मारलेलं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वरवरच्या स्प्रेनं समोरच्या चार कामकरी वाळव्या मरतात. राणी जमिनीत सुखरूप असते आणि बाकीच्या दुसरी वाट धरतात. म्हणून खरा उपचार जमिनीचा. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानकाचा आयएस ६३१३, भाग ३ आहे. त्यात भिंत आणि फरशी जिथे मिळतात, तिथे साधारण एक एक फुटावर भोकं पाडून औषध आत सोडायचं असतं. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या आणि काम चालू असताना शेजारी उभे राहा. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्यांनी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली आणि पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली. ती गॅरंटी आठ महिनेही टिकली नाही. औषधाचं नाव, प्रमाण आणि बाटलीचं सील तिन्ही बघून घ्या. कुणी आल्ड्रिन या जुन्या कीटकनाशकाचं नाव काढलं तर त्यांना चहा पाजून परत पाठवा, त्यावर कधीच बंदी आली आहे.

भुंगेरे असतील तर

इथे जमीन खणायची गरज नाही, रोग त्या लाकडातच आहे. बारीक पिठासारखा भुसा पाडणाऱ्या भुंगेऱ्यांना हवं असतं सालीलगतच्या पांढरट लाकडातलं पिष्ट. सागाच्या गडद गाभ्याला ते तोंड लावत नाहीत. म्हणून पेठेतल्या वाड्याचा शंभर वर्षांचा सागवानी खांब उभा असतो आणि "सॉलिड वुड" म्हणून घेतलेल्या पलंगाची दुसऱ्याच वर्षी चाळण होते. रबरवुड आणि आंब्याचं लाकूड या किडीचं विशेष आवडतं.

छोटी वस्तू असेल, खेळणं किंवा लाटणं, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, दमट हवेचं पाणी लाकडावर धरतं. मोठ्या फर्निचरला सिरिंजनं भोकाभोकातून तेलावरचं वुड प्रिझर्व्हेटिव्ह सोडा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरापासून लांब करा. मग भोकं मेणानं किंवा सुताराच्या लांबीनं (पुट्टीनं) बुजवा. शेवटचं काम सगळेच टाळतात : पलंगाच्या फळीची खालची बाजू, ड्रॉवरची पाठ, पायांचे तळवे. दर्शनी बाजूला पॉलिश असतं, हे सगळं कोरं राहतं. मादी अंडी घालते ती अशाच उघड्या लाकडाच्या बारीक छिद्रांत. तिथे पॉलिशचे दोन हात दिले की तिला जागा उरत नाही.

लाकूड अजून कोरंच असेल, म्हणजे पॉलिशआधी, तर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडसारखं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही नाही. दहा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा, दोन-तीन हात द्या आणि सावलीत वाळवा. बांबूलाही हेच द्रावण चालतं, फक्त बांबू त्यात चांगला भिजत ठेवावा लागतो, कारण वरून तो पाणी शोषत नाही. गॅलरीत पावसात भिजणाऱ्या वस्तूला हे करून उपयोग नाही, द्रावण धुऊन जातं. पोळपाट-लाटण्याला लावू नका आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका. बुरूड आळीतून टोपली घेताना ती उलटी करून पांढऱ्या कागदावर आपटून बघा. पीठ पडलं तर दुसरी मागा.

धान्यात ठेवायच्या गोळ्या कपाटात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद घरात माणसांचा जीव घेतो.

अंगणातलं झाड

आंब्याच्या किंवा अंजिराच्या खोडातून लाकडाचा ओला चोथा बाहेर येत असेल, डिंक ओघळत असेल, तर आत भिरूड आहे. त्याची अळी बोटाएवढी लांब, पांढरी, गलेलठ्ठ असते आणि खोडात बोगदे करत जाते. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्या, टोकाला किंचित आकडा करा, चोथा साफ करून तार आत सरकवा. अळी लागली की मऊ अडथळा हाताला कळतो. तार फिरवून ओढा, ओली झाली असेल तर काम झालं. नाहीतर पेट्रोलचा बोळा कोंबून ओल्या मातीनं भोक लिंपा. आठवड्यानं लिंपण फोडून नवा चोथा आला का ते बघा. पूर्वी सर्रास वापरत ते डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक आता नको, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

पेरूच्या किंवा गुलमोहराच्या बेचक्यात सालीवर भुशाच्या आणि जाळ्याच्या नागमोडी पट्ट्या दिसतात, ती साल खाणारी अळी. दिवसा ती भोकात लपते. पट्ट्या खरडून काढा, भोक सापडेल. तारेचा उपाय तोच.

खोडावर नुसता मातीचा थर चढला असेल तर झाड गेलं असं समजू नका. वाळवी बऱ्याचदा वरची मेलेली सालच खात असते. माती खरडा, खाली साल हिरवी आणि ओली आहे ना ते नखानं बघा. मुळशीकडच्या शेतातल्या सागाची पानं पावसाळ्यात जाळीदार झालेली दिसली, तरी झाड पुन्हा फुटतं. फवारणीला धावू नका.

झाड आतून पोकळ झालंय असं वाटलं तरी कुऱ्हाड काढू नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार, आपल्याच आवारातलं असलं तरी शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

नवीन लाकूड घरात आणताना

भवानी पेठेतल्या वखारीत गेलात की फळीचे कडेचे भाग बघा. एका कडेला पांढरट पट्टा असेल तर तो कापून द्यायला सांगा किंवा भाव पाडून घ्या. बाथरूमजवळ प्लायवुड लावायचं असेल तर आयएस ७१० चा शिक्का शोधा. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा तो शिक्का आहे. किडीबद्दलही दुकानदाराला विचारून घ्या. चाकण-भोसरीकडून येणाऱ्या पॅलेटचं फर्निचर करणार असाल, तर फळीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि 'एचटी' ही अक्षरं बघा. त्याचा अर्थ लाकडाचा गाभा किमान ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेला आहे. 'एमबी' असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं आहे, ते घरात नको.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादी सुंदर पेटी मिळाली, तर तिला थेट खोलीत नेऊ नका. उन्हाळाभर गॅलरीत, पावसापासून आडोशाला, काळ्या कागदावर ठेवा. माझी एक सागवानी पेटी सध्या तिथेच उभी आहे. पेन्सिलीच्या गोलातली भोकं अकरा, सगळी पांढऱ्या कडेला. बारावं अजून पडलेलं नाही.