हवेवरची जांबोरी: मुलांना माइक देण्याआधी

पहिल्या वर्षी माझी सगळी तयारी तारांची होती. शाळेच्या गच्चीवर दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार ताणून डायपोल अँटेना बांधला, बॅटरी चार्ज केली, ओळखीच्या एका हॅम काकांना, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणाऱ्यांना, त्यांच्या रेडिओ संचासकट बोलावलं. ऑक्टोबरातला तो जोटा-जोटीचा, म्हणजे जगभरच्या स्काउट-गाइडांनी रेडिओवर (जोटा) आणि इंटरनेटवर (जोटी) भेटण्याच्या जांबोरीचा, मेळाव्याचा, शनिवार. सकाळी अकराच्या सुमारास दक्षिणेकडचं एक स्टेशन स्वच्छ लागलं. काकांनी खूण केली आणि आमचा सगळ्यात बोलका संघनायक माइकसमोर बसला. ‘हॅलो’ म्हणाला आणि गप्प झाला. पलीकडच्या गृहस्थांनी दोनदा मायेनं नाव विचारलं, तरी याच्या तोंडून शब्द फुटेना. चूक माझी होती. काय बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं.

म्हणून नव्यानं पथक हाती घेतलेल्या स्काउट मास्टरांना आणि गाइड कॅप्टनना सांगतो, संच सगळ्यात शेवटी आणा.

आम्ही आता जुलैपासून आठवड्याला अर्धा तास देतो, आणि पहिला महिना वर्गात रेडिओच नसतो. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात साधं चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्यानं वर्णन करायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मगच दुसऱ्यानं विचारायचं. फोनवर दोघं एकदम बोलू शकतात आणि मुलं त्यातच वाढली आहेत. आपल्या संचावर बटण दाबलं की आपला कान बंद होतो, ही गोष्ट त्यांना सांगून कळत नाही. त्या चित्रातलं घर जेव्हा झाडाच्या शेंड्यावर काढलं जातं, तेव्हा कळते.

मग अक्षरं. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक शब्द असा अल्फा, ब्राव्हो, चार्ली हा तक्ता पाठ होतो चार दिवसांत, पण स्वतःचं नाव त्यातून सांगायला वेळ लागतो. ‘ज्ञानेश’मधला ‘ज्ञ’ इंग्रजीत डेल्टा, नोव्हेंबर, यँकी असा फुटतो, आणि पलीकडच्याला ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू येत असतं. सावकाश, दोनदा सांगायचं. आडनाव, शाळेचं नाव, फोन नंबर मात्र हवेवर नाही आणि जोटीच्या चॅटमध्येही नाही. आमची मुलं पहिलं नाव, जिल्हा आणि पथकात काय करतो एवढंच सांगतात. इंटरनेटच्या खोलीत एक मोठं माणूस दोन्ही दिवस बसलेलं असतं. ‘तुझा फोटो पाठव’ असं कुणी म्हणालं तर उत्तर न देता त्याला बोलवायचं, हा प्रसंग आम्ही आधीच नाटुकलं करून बसवतो.

ऑगस्टपासून ऐकणं. यासाठी संच विकत घ्यायची गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथल्या अँटेनावर येणारे शॉर्टवेव्हचे आवाज वर्गात ऐकू येतात. चुरचुरीतून एखादा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे, उचलायचा आणि लॉगमध्ये तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सीसह लिहायचा. वेळ यूटीसीत, जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रविवारी पहाटे चारची नोंद शनिवारच्या तारखेला जाते, हे उमगल्यावर भूगोलाच्या तासाला रेखांश वेगळे शिकवावे लागत नाहीत. 14.290 मेगाहर्ट्झ ही स्काउटांची ठरलेली जागा, ती दिवसा बघा. 7 मेगाहर्ट्झवर दिवसा शेजारची राज्यं भेटतात. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि त्याच तारेवर दूरचे देश येऊ लागतात. ही एक गोष्ट मुलांना प्रत्यक्ष ऐकू द्याच.

हे सगळं सुरू झालं ते 1957 साली. इंग्लंडमधल्या सटन पार्कच्या जागतिक जांबोरीत भेटलेल्या हॅम स्काउटांना पुन्हा भेटायचं होतं, आणि लेस मिचेल यांच्या कल्पनेतून मे 1958 मध्ये पहिली जोटा झाली. पण मी मुलांना त्याहून जास्त सांगतो ते भारती प्रसाद यांच्याबद्दल. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा त्या हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या, आणि संपर्क तुटलेल्या अंदमानातून त्यांनी निरोप पोचवले. असा निरोप घेणाऱ्याला आधी नीट ऐकता यावं लागतं.

परवान्याबद्दल स्पष्ट बोलतो. प्रक्षेपण परवानाधारकाच्याच स्टेशनवरून, तो समोर असताना. मुलांना किती बोलू द्यायचं हे परवान्याच्या अटींवर ठरतं, ते त्याला आधीच विचारा. ज्याला खरी गोडी लागेल त्याला परीक्षेला बसवा, वयाची अट बारा वर्षांची आहे.

आणि आकाशाकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. संचात विजांची कडकड वाढली की बाहेर ढग दिसो न दिसो, आम्ही अँटेनाची केबल काढतो. मुलं हिरमुसतात, तरी काढतो.

दुसऱ्या वर्षी तोच संघनायक पुन्हा बसला. ‘तुमचा आवाज फाइव्ह नाइन, इथे पाऊस थांबलाय, ओव्हर,’ म्हणाला (फाइव्ह नाइन म्हणजे स्पष्ट आणि जोरदार) आणि बटण सोडून वाट पाहत राहिला. त्या संपर्काचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे बोलणं झाल्याची पोच देणारं कार्ड, शाळेत पोचलं तेव्हा त्याची दहावीची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर होईपर्यंत मी ते कपाटात जपून ठेवलं.