गावात डाळ मिल टाकायची आहे? मशीनच्या आधी कागदावर आपलं नाव आणा

आमच्या भागात तुरीशिवाय वावर नाही. कपाशीत म्हणा, सोयाबीनमध्ये म्हणा, काही तासांआड, म्हणजे ओळींआड, तुरीचं एक तास असतंच. आणि तरी गावातल्या बाया किराणा दुकानातून डाळ विकत आणतात. तूर बोरीनं व्यापाऱ्याकडे जाते, डाळ किलोनं परत येते आणि मधला सगळा पैसा शहरात राहतो. आमच्या आज्या उन्हाळ्यात जात्यावर वर्षाची डाळ भरडून ठेवायच्या, म्हणजे काम आपल्याला ठाऊक आहे. अडतं ते मीटर, कर्ज आणि कागदापाशी.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आम्ही बचत गटातल्या काहीजणी मिळून मिनी डाळ मिल चालवतो. आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "ताई, मशीन कोणती घेऊ?" मी उलट विचारते, "घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्यावर, कोणाचं नाव आहे? मीटर कोणाचं? आधार आणि पॅनवर नाव सारखं आहे का?" मग पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. मशीन अकोल्याला पैसे मोजले की मिळते. हे बाकीचं जमवायला हंगाम निघून जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

कागद

बँकेत पहिल्यांदा गेल्यावर काय होतं ते आमच्या गटातल्या एकीच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

"सातबारा कोणाच्या नावावर आहे, ताई?"
"मालकाच्या."
"मिल कुठं टाकणार?"
"घरामागच्या छपरीत."
"आणि घर?"
"मामंजींच्या नावानं हाय, साहेब."
"मग घरच्या माणसाला घेऊन या."

साहेबांनी काही वाईट म्हटलं नाही. पण ती उठून आली आणि पुढचे कितीतरी महिने बँकेकडे फिरकली नाही. हे टाळायचं असेल तर तीन गोष्टी मशीनच्या आधी करून घ्या.

पहिलं, नाव एकसारखं करा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर "सौ." लावलेलं आणि पासबुकात आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं निम्म्या बायांचं असतं. कर्जाची फाइल इथंच परत येते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडून मिळतं. ते काढा, त्याच्या आधारावर आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग बँक. क्रम उलटा केलात तर हेलपाटे दुप्पट होतात.

दुसरं, जागा. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी अडून बसायचं कारण नाही. मिलच्या जागेपुरतं संमतीपत्र किंवा भाडेकरार स्टॅम्प पेपरवर करून घ्या, त्यात वर्षं स्पष्ट लिहा, आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडा. निदान कर्ज फिटेपर्यंतची मुदत हवी. उद्या घरात वाटण्या झाल्या तर मशीन उचलून कुठं नेणार? हा कागद मागताना बायांना संकोच वाटतो, घरच्यांवर विश्वास नाही असं वाटेल म्हणून. मी सांगते, बँक मागते असं म्हणा. ते खरंही आहे.

तिसरं, जमीन. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीचं नाव आपल्या विदर्भात जुन्या माणसांना आजही आठवतं. बायकोच्या नावावर जमीन करून द्या, असं संघटनेचे नेते शरद जोशींनी सांगितलं आणि कित्येक शेतकऱ्यांनी ते केलं. पुढे १९९२ साली शासनानं लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला: नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडे चौकशी करा. मिलसाठी हे लागेलच असं नाही. पण सातबाऱ्यावर नाव असलेली बाई बँकेत वेगळ्या आवाजात बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मोबाइलवरून आधारनं होते आणि ती फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

वीज

घरच्या मीटरवर मिल चालवू नका. पकडलं गेलं तर दंड, आणि मोटार जळाली तर खर्च आपल्याच माथी. महावितरणकडे स्वतंत्र जोडणीचा अर्ज करा, तोही स्वतःच्या नावानं. इथं जागेचा तो संमतीपत्राचा कागद पुन्हा लागतो. छोट्या मिलला सिंगल फेजची मोटार मिळते, थ्री फेजच हवी असा आग्रह धरू नका. जागा मात्र गावठाणातच बघा. वावरात टाकलीत तर कृषी फीडरची, म्हणजे शेतीच्या लाइनची, लाइट कित्येकदा रात्रीची येते, आणि रात्री-बेरात्री बायांनी वावरात जाऊन मिल चालवायची हे होणारं काम नाही.

पैसा

गावात सगळ्यात लवकर मिळणारं कर्ज म्हणजे मायक्रो फायनान्सचं. दारात येतात, सातबारा मागत नाहीत, आठवड्यात पैसे देतात. मशीनसाठी ते घेऊ नका, असं मी हात जोडून सांगते. डाळ मिल फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कमावते. त्यांचा हप्ता दर आठवड्याला किंवा महिन्याला येतो, ऑगस्टमध्येही, निंदणाच्या दिवसांतही. मग एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, ते भरायला तिसरं. आधीच घेतलेलं असेल तर आपले हक्क माहीत ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही.

गटातून कर्ज घ्यायचं असेल तर गटाची वही हाच तुमचा सातबारा. बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, हे सगळं नियमित असेल तर उमेदची (बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाची) माणसं आणि बँकेच्या कामात गटांना मदत करणारी बँक सखी पुढचं करून देतात. दोन नियम पाठ करून जा. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. आणि एखाद्या बाईच्या नवऱ्याचं पीक कर्ज थकलं आहे एवढ्यावरून अख्ख्या गटाचं कर्ज अडवणं बरोबर नाही. गट स्वतः थकीत नसावा, एवढंच. आमच्याकडे बोंडअळीनं, अवकाळीनं कोणाचं तरी पीक कर्ज थकलेलं असतंच, म्हणून हा दुसरा नियम फार कामाचा आहे.

एकटीनं करायचं तर सरकारची मुद्रा कर्ज योजना आहे, शिशुमध्ये ५० हजारांपर्यंत आणि किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तेही तारणाशिवाय. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे निदान १० टक्के घालावे लागतात. योजनांच्या मुदती आणि निधी बदलत राहतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात आधी चौकशी करा. तिथं जिल्हा संसाधन व्यक्ती फाइल करून देतात आणि त्यांचं मानधन योजनेतूनच निघतं. अनुदान हातात येत नाही हेही लक्षात ठेवा. ते बँकेत कर्जापोटी जमा राहतं, आणि तीन वर्षं खातं आणि धंदा नीट चालला तरच वळतं होतं. तोवर हप्ता पूर्ण रकमेचा धरूनच गणित मांडा.

आता माझं स्वतःचं मत. पहिल्या वर्षी तूर विकत घेऊ नका. कर्ज मशीनला मिळतं, तूर भरायला सहजासहजी मिळत नाही, आणि नवीन बाया तिथंच फसतात. गावातल्या लोकांची तूर भरडून द्या, किलोमागे भरडाई घ्या. भांडवल लागत नाही, हात बसतो, आणि कोणाच्या घरची तूर कशी आहे ते कळतं. चुनी, म्हणजे भरडताना पडणारा डाळीचा चुरा, तुरीच्या मालकाला परत द्यायची की आपण ठेवायची, हे आधी बोलून घ्या. ढोरांसाठी चुनीला मोल आहे, त्यावरून भांडणं होतात.

डाळ करणं

मशीन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं छोट्या मिलची जी पद्धत बसवली आहे, त्या बनावटीची घ्या. सुटे भाग जवळ मिळतात आणि दुरुस्तीची माणसं सापडतात. घ्यायच्या आधी एखादी चालती मिल बघा आणि आपली बोरीभर तूर घेऊन जा. बेअरिंग आणि पट्टा बदलायला गटातली एक तरी बाई शिकलीच पाहिजे. मिस्तरी "उद्या येतो" म्हणाला की ऐन हंगामात आठवडा जातो.

तूर आधी चाळून सारख्या आकाराची करा. लहान-मोठे दाणे एकत्र टाकले तर मोठ्याचा चुरा होतो आणि लहान तसाच बाहेर येतो. पहिल्या फेरीत रोलवरून दाणा नुसता खरवडून घ्यायचा, टरफलाला ओरखडे पडले की पुरे. मग तेलाचा हात लावायचा, दाणा चमकेल एवढाच. ढीग करून ताडपत्रीखाली ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात देऊन पुन्हा मुरू द्यायचा आणि मग कडक उन्हात वाळवायचं. सगळी कला या वाळवणात आहे. दाणा दाताखाली धरा. मऊ दबला तर अजून ऊन हवं. कट्ट आवाज करून दोन फाकी झाल्या आणि टरफल जिभेवर सुटं आलं, की मिल लावा. ओली तूर घातली तर टरफल चिकटून राहतं, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून डाळीच्या कडा झिजतात आणि सगळा नफा चुनीत जातो.

नीट जमलं तर क्विंटलला ७० ते ७२ किलो डाळ पडते. समजा तूर ७,५०० रुपये क्विंटल घेतली आणि ७२ किलो डाळ, २२ किलो चुनी-टरफल निघालं; बाकीचं ओलावा, काडीकचरा आणि धूळ म्हणून जातं. चुनी-टरफलाचे किलोला १५ रुपये धरले तर ३३० आले. उरले ७,१७०, म्हणजे डाळ किलोला जवळपास १०० रुपयांना पडली. त्यात वरून लाइट, तेल, पोतं, गाडीभाडं, हप्ता आणि आपली मजुरी मिळवा. मजुरी धरा, बायांनो! निंदायला गेलं की दिवसाची रोजी ठरवून घेतो, मग मिलवर उभं राहिल्याची का नको? ती न धरता ठरवलेला भाव व्यापारी हसत हसत देतो.

मशीनपाशी पदर कमरेला घट्ट खोचून वरून शर्ट घाला, वेणी आत घ्या, काचेच्या बांगड्या काढून ठेवा, नाकाला फडकं बांधा. पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय मशीन ताब्यात घेऊच नका. विक्रेता म्हणेल नंतर पाठवतो. नाही म्हणा.

विकणं

पाकीट करून विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी लागते. आम्ही काढली तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाचे १०० रुपये होते. पाकिटावर नाव-पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच, किती दिवस चांगली राहील ते, हिरवा ठिपका आणि १४ आकडी नोंदणी क्रमांक छापा. सुरुवातीला आठवडी बाजार, शाळेतले मास्तर-मॅडम, दवाखान्यातल्या सिस्टर आणि नागपूर-पुण्यात नोकरीला असलेली गावची पोरं हेच गिऱ्हाईक. पॉलिश न केलेली डाळ थोडी मळकट दिसते, ते आधीच सांगा आणि शिजवून दाखवा. वासावरच डाळ विकली जाते. नात्यातल्यांना उधार देताना वहीत त्यांच्यासमोर लिहा.

मशीनची ऑर्डर दिवाळीच्या आधी द्या. तूर संक्रांतीच्या आसपास खळ्यावर येते, आणि तोवर मीटर लागून एक-दोन बोऱ्या घरच्या तुरीवर हात बसलेला असला पाहिजे. कागद त्याच्याही आधी, आखाडात, पेरणी आटोपली की लगेच.