पायाला ब्रेस लावताय? या चुका टाळा

ब्रेस हातात पडला की जो तो सांगतो, सवय होईल. सवय होते, पण ती चालण्याच्या नव्या ढबीची. टोचण्याची सवय कातडीला कधीच होत नाही, तिथे जखम होते.

मला शार्को-मारी-टूथ हा मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार आहे. १८८६ साली तिघा डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, त्यांचीच नावं त्याला चिकटली. यात चवडा उचलणारे स्नायू हळूहळू दुबळे होतात, पाऊल लोंबतं आणि सपाट जमिनीवरही बोटं अडकतात. म्हणून दोन्ही पायांना पोटरीपासून तळव्यापर्यंतचा ब्रेस, म्हणजे एएफओ, लावून मी वावरते. पोलिओ, मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात, मणक्याची इजा अशी कुणाची कारणं वेगळी असतात, पण ब्रेसच्या तक्रारी बऱ्याच सारख्या निघतात. आणि त्यातल्या कितीतरी फक्त निमूट सोसल्यामुळे वाढलेल्या असतात.

ब्रेस काढल्यावर पाय न बघणं

ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते. ब्रेस काढला की पट्ट्यांचे आणि कडांचे लालसर वळ दिसतात. वीस-तीस मिनिटांत ते मावळले तर काळजीचं कारण नाही. त्यानंतरही टिकले, तिथली कातडी गरम किंवा टणक लागली, फोड आला, तर त्या जागी ब्रेस दाबतोय हे नक्की. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे गडद, जांभळट डाग शोधा आणि हाताच्या पाठीने ऊब तपासा.

हाडं वर आलेल्या जागा आधी बघायच्या. घोट्याच्या दोन्ही बाजू, टाचेचा मागचा भाग, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध असलेला उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीवरचा. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला एक छोटं गोल हाड हाताला लागतं. चवडा उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू त्याला अगदी लगटून जातो. ब्रेसची वरची कड किंवा पट्टा तिथे रुतला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात आणि आधीच ढिला असलेला चवडा आणखी ढिला पडू शकतो. ही तक्रार उद्यावर टाकू नका.

ज्यांच्या पायातली संवेदनाच कमी झाली आहे, त्यांनी ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ असं कधीही धरू नये. मधुमेहात हे फार घडतं, माझ्या आजारातही घडतं. तळवा आणि टाच दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी रोज बघायला सांगा. त्यात संकोच कसला?

फोड किंवा जखम असेल तर वर कापसाचा बोळा ठेवून ब्रेस चढवू नका. जागा आधीच कमी असते, बोळ्याने दाब आणखी वाढतो. ब्रेस घालणं थांबवून ऑर्थोटिस्टला, म्हणजे ब्रेस बेतून देणाऱ्या तज्ज्ञाला, फोन करा. संवेदना कमी असेल किंवा मधुमेह असेल तर जखम त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवा. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ते रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं. तेव्हा पट्टे सैल करून वाट बघत बसू नका, तातडीने दवाखाना गाठा.

टाच मागे न बसवता पट्टे आवळणं

‘ब्रेस टोचतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात वाकवा. पाय लांब सोडला की पोटरी ताणली जाते आणि टाच वर खेचली जाते. मोजा आधी नीट ओढून घ्या, तळव्याखाली एकही सुरकुती नको. मग टाच ब्रेसच्या तळाशी आणि मागे पूर्ण टेकवा. घोट्यावर पट्टा असेल तर पहिला तोच लावायचा, कारण टाच धरून ठेवणारा तोच. पोटरीचा पट्टा त्यानंतर. आता ब्रेस मागून हलवून बघा. आत टाच वरखाली सरकत असेल तर सगळं सोडून पुन्हा सुरुवात करा. सकाळच्या घाईत हे दोन मिनिटांचं काम टाळलं की दिवसभर घोट्यावर घासतं, आणि मग दोष ब्रेसला दिला जातो.

पहिल्याच दिवशी दिवसभर घालणं

उत्साह समजू शकतो, पण सुरुवात तासाभराने करा. काढा, पाय तपासा, ठीक असेल तर वेळ वाढवा. पूर्ण दिवसावर यायला आठवडा-दोन आठवडे लागले तरी हरकत नाही. तुमच्या ऑर्थोटिस्टने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा.

बूट बदलला, टाचेची उंची बघितली नाही

ब्रेस बनवताना नडगी किती पुढे झुकलेली असावी हे ठरवलेलं असतं आणि त्यात बुटाच्या टाचेची उंची धरलेली असते. जास्त टाचेचा बूट घातला की ताठ ब्रेस नडगीला पुढे ढकलतो आणि गुडघा वाकू लागतो. कमी टाचेच्या बुटात तोच गुडघा मागे रेटला जातो. नवा बूट घेतल्यापासून गुडघा किंवा कंबर दुखायला लागली असेल तर आधी जुन्या बुटाची टाच नव्याशेजारी ठेवून बघा.

बूट रुंद, खोल आणि पुढून चांगला उघडणारा हवा. आतला सुटा तळ काढला की ब्रेसला जागा होते. दुसऱ्या पायाला ब्रेस नसेल तर त्या बुटातला तळ तसाच राहू द्या. नुसत्या ब्रेसवर, बुटाशिवाय, फरशीवर चालू नका. प्लास्टिक घसरतं. घरात चालायला वेगळा स्वच्छ जोड ठेवा.

मोजा ब्रेसच्या वरच्या कडेपेक्षा लांब हवा आणि घामाने ओला झाला की बदलायचा.

‘दोन पावलं तर जायचंय’

रात्री झोपेतून उठून, अंधारात, ब्रेसशिवाय स्वच्छतागृहाकडे जाणं. याबद्दल मला खरोखर कळकळीने सांगायचं आहे. दिवसभर सांभाळून चालणारी माणसं इथे पडतात. तळव्याची जाण कमी असली की तोल डोळ्यांवर अवलंबून असतो, आणि अंधारात तोही आधार जातो. उशाशी दिवा, वाटेत धरायला काहीतरी पक्कं, आणि पलंगाशेजारी ब्रेस बुटात घालून तयार. झोपताना लावायचा स्प्लिंट वेगळा असतो. तो घालून चालायचं नाही.

घरच्या घरी दुरुस्ती

टोचणाऱ्या जागी हेअर ड्रायर फिरवून प्लास्टिक वाकवायचा मोह आवरा. पॉलीप्रोपिलीन उष्णतेने आकार बदलतं, पण तुम्हाला हवा तसा बदलेल याची खात्री नाही. उन्हात तापलेल्या बंद गाडीतही ब्रेस ठेवू नका. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मग टॉवेलने पुसून सावलीत वाळवणं एवढं पुरतं. वेल्क्रो पकडत नसेल तर तो झिजलाच असेल असं नाही. त्याच्या आकड्यांत मोज्यांचे तंतू आणि केस गच्च बसलेले असतात, ते जुन्या दातब्रशने किंवा चिमट्याने काढा. घोट्याजवळच्या कडांवर पांढरी रेघ किंवा तडा दिसला, चालताना नवा करकर आवाज आला, सांध्याचा स्क्रू ढिला झाला, तर वापर थांबवून दाखवून घ्या. चालता चालता ब्रेस तुटला तर माणूस पडतो.

आजार बदलला, ब्रेस तोच

दोन वर्षांपूर्वी बेतलेला ब्रेस आज बरोबर असेलच असं नाही. वजन बदलतं, सूज येते, पोटरी बारीक होते, पावलाची कमान वाढते. वाढत्या मुलांचं तर बघायलाच नको. तक्रार नसली तरी सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने दाखवून या.

‘ब्रेसने स्नायू आळशी होतील’ या भीतीने तो कपाटात ठेवणारेही भेटतात. मज्जातंतूंच्या आजारात दुबळेपणा आजारामुळे आलेला असतो. ब्रेस टाळून तो थांबत नाही, उलट धडपडण्याचा धोका वाढतो. पोटरी आखडू नये म्हणून ताण द्यायचे आणि उरलेली ताकद टिकवायचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टला विचारून चालू ठेवा.

तपासणीला जाताना रोजचे बूट आणि मोजे सोबत न्या. ब्रेस काढल्याबरोबर आणि अर्ध्या तासाने, असे डागाचे दोन फोटो काढून ठेवा. संध्याकाळी पाय सुजत असतील तर संध्याकाळचीच वेळ मागा. आणि नवा ब्रेस मिळाला तरी जुना लगेच देऊन टाकू नका. तो अजून नीट बसत असेल, तर नवा दुरुस्तीला गेला की कामी येतो.