गोल ट्रॅकवर गाडी मिसिंग मारते तेव्हा: इंजिनातील दोष शोधण्याची रीत

हौशी स्पर्धकाची गाडी मातीच्या गोल ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांनंतर मिसिंग मारू लागली, म्हणजे इंजिन मध्येच अडखळू लागले, की पिटमध्ये जमलेल्या प्रत्येकाकडे एक निदान तयार असते. कोणी प्लग बदलायला सांगतो, तर कोणी थेट हेड उतरवायला. बोनेट उघडण्यापूर्वी चालकाला विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे: इंजिन ट्रॅकवर नेमक्या कोणत्या जागी अडखळले? चालकाने हेल्मेट काढताच वहीत ट्रॅकची आकृती काढून त्या जागेवर खूण करावी आणि शेजारी फेरीचा क्रमांक, टाकीतील पेट्रोल व पाण्याचे तापमान लिहावे. दहा मिनिटांनी विचारले, तर तोपर्यंत ऐकलेल्या मतांचा रंग त्याच्या आठवणीला चढलेला असतो.

खूण वळणावर पडली, तर संशय आधी पातळ पदार्थांवर घ्यावा. अमेरिकेतील ओव्हल ट्रॅकवर गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत धावतात. त्यामुळे प्रत्येक वळणात टाकीतील पेट्रोल आणि चेंबरमधील (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातील) ऑइल काही सेकंद उजव्या बाजूला लोटलेले राहते. आपल्याकडील ऑटोक्रॉसचा, म्हणजे मातीवरील छोट्या वळणदार शर्यतीचा, ट्रॅक दोन्ही बाजूंना वळत असला, तरी एखादे लांब, एकाच बाजूचे वळण तोच परिणाम घडवते. मारुती एस्टीमसारखी रस्त्यासाठी बनवलेली गाडी अशा वळणाचा विचार करून घडवलेली नसते. टाकी पाव भरलेली असताना इंजिन अडखळते आणि अर्ध्याहून अधिक भरल्यावर अडखळत नाही, असे दिसले, तर टाकीतील पेट्रोल उचलणाऱ्या नळीचे तोंड वळणात उघडे पडते आहे. कार्बोरेटरच्या गाडीत हाच प्रकार फ्लोटच्या वाटीतही, म्हणजे त्यातील पेट्रोलच्या छोट्या कप्प्यातही, होतो. वळणातून बाहेर पडताना काळा धूर टाकत इंजिन सावरले, तर वाटी ओसंडून पेट्रोल जास्त गेले होते. कार्बोरेटरमध्ये फट्‌फट् असा उलटा आवाज येऊन ते सावरले, तर पेट्रोल कमी पडले होते.

एक चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. सरावाच्या वेळी ट्रॅक पूर्ण रिकामा असेल, तर आयोजकांची परवानगी घेऊन त्याच वेगाने दोन फेऱ्या उलट दिशेने माराव्यात. दोष नाहीसा झाला किंवा त्याचे रूप बदलले, तर तो बाजूला ढकलल्या जाणाऱ्या कशात तरी आहे: पेट्रोलमध्ये, ऑइलमध्ये, किंवा फाउंडेशनच्या (इंजिन ज्यांवर बसते त्या आधारांच्या) जीर्ण रबरांवर इंजिन कलल्यामुळे ताणल्या जाणाऱ्या एखाद्या वायरीत वा अर्थिंगच्या पट्टीत. दोष तसाच राहिला, तर वळण हा केवळ योगायोग समजून पुढे जावे.

वळणात ऑइल प्रेशरचा काटा खाली येत असेल, तर मात्र तपासणीसाठीही आणखी फेरी मारू नये. मूळ गाडीतील लाल दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावरच पेटतो आणि तोपर्यंत बेअरिंगला मार बसलेला असतो. म्हणून स्पर्धेच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटेरी गेज लावणे मी अनिवार्य मानतो. ऑइलची पातळी वरच्या खुणेपर्यंत ठेवावी आणि चेंबरमध्ये ऑइल अडवणाऱ्या पत्र्याच्या आडव्या भिंती बसवून घ्याव्यात. नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे चांगले काम करणाऱ्याला हे अवघड नाही.

खूण सरळ पट्ट्याच्या शेवटी, वरच्या आरपीएमवर पडली, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा दाबाखाली दम सोडणारी ठिणगी, हे दोन मुख्य संशयित असतात. पुरवठा कमी पडला, तर इंजिन ओढ सोडून हळूहळू मंद होते. ठिणगी तुटली, तर ते धक्के देत तुटक चालते. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत पेट्रोलचा दाब साधारण 3 बार असतो. तो उभ्या गाडीत ठीक दिसूनही पूर्ण रेसवर कोसळू शकतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मातीने बुजण्याचा दोष तर हमखास फसवतो. गाडी चार-पाच फेऱ्या छान पळते, मग मरते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो का, ते ऐकावे. मी स्वतः एकदा या दोषापायी कॉइल, प्लग आणि फिल्टर एकाच दुपारी बदलले. या गडबडीत झाकणही उघडले गेले होते, त्यामुळे गाडी दोन फेऱ्या नीट चालली आणि नेमके कशाने बरे वाटले, हे मला कळलेच नाही. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी मोडलेला नाही.

प्लगचा रंग हा मोठा साक्षीदार आहे, पण पिटपर्यंत हळू चालवत आणलेल्या गाडीचे प्लग त्या हळू चालण्याचीच साक्ष देतात. पूर्ण रेसवर असतानाच, मागे कोणी नसल्याची खात्री करून, क्लच दाबून इग्निशन बंद करावे व गाडी घरंगळत थांबवावी. स्टिअरिंग लॉक होणार नाही, हे मात्र आधी तपासून घ्यावे. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). पांढरा, फोड आलेला इन्सुलेटर म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) किंवा टायमिंग फार पुढे (ठिणगी फार लवकर). आणि ओला तेलकट प्लग म्हणजे पिस्टनच्या रिंग अथवा व्हॉल्व्ह सीलमधून येणारे ऑइल.

येथे नाशिकची उंची लक्षात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्याने हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण 6 ते 7 टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) बसवून कसारा घाट चढून आलेली कार्बोरेटरची गाडी म्हणूनच येथे किंचित रिच चालते. उलट, पेट्रोलमधील 20 टक्के इथेनॉल मिश्रणाला लीनकडे ओढते आणि जुन्या रबरी नळ्याही खराब करते. या दोन गोष्टी एकमेकींना नेमक्या छेदतील, असे गृहीत धरू नये. प्लग पाहूनच जेट ठरवावा.

केवळ गरम झाल्यावर येणाऱ्या दोषात कॉइल आणि डेल्कोतील (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील) पिकअप सेन्सर तपासावेत. गाडी बंद पडताक्षणीच ठिणगी पाहावी, कारण थंड झाल्यावर हे भाग निर्दोष दिसतात. कोणता सिलिंडर काम करत नाही, हे पाहताना एमपीएफआय गाडीत प्लगची वायर उघडी सोडू नये, त्याने इग्निशनचा भाग जळू शकतो. त्याऐवजी इंजेक्टरची जोडणी एकेक करून काढावी.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजावे. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, पेट्रोल व इग्निशन बंद असावे आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. मुंबईत 180 पीएसआय दाखवणारे इंजिन येथे 168 च्या आसपास दाखवेल, म्हणून आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरकाकडे पाहावे. तो 10 ते 15 टक्क्यांहून अधिक नसावा. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले, तर त्यांच्यामधील हेड गॅसकेट उडालेले असण्याची शक्यता सर्वाधिक. धुळीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीत एअर फिल्टरच्या कडेने माती आत शिरून रिंग लवकर झिजतात; फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून पांढरा फडका फिरवला, की ते कळते.

खालून खणखणीत ठोका येत असेल, तर यातील कोणतीही चाचणी करू नये. इंजिन बंद करून ऑइल फिल्टर काढावा, तो कापून कागदाची घडी उजेडात उलगडावी. चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा राखाडी चमकदार कण दिसले, तर ते बेअरिंगचे आहेत, आणि मग गाडी टेम्पोवर चढवून घरी न्यावी. टेम्पोवर चढवण्यापुरतेही इंजिन सुरू करू नये.