घरी लघवीची नळी सांभाळताना: पिशवी कोरडी राहिली तर काय करावं?

घरात वयस्कर माणसाला लघवीची नळी लागली की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. कोणी म्हणतं नळी रोज डेटॉलने पुसा, कोणी म्हणतं पिशवी पलंगावर ठेवा म्हणजे अडखळायला होणार नाही. दोन्ही चूक. घरोघरी जाऊन रुग्णसेवा करताना मी हे सल्ले इतक्यांदा निस्तरले आहेत, की आता पहिल्याच दिवशी घरच्यांना समोर बसवून सगळं सांगते.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या: नळी कशासाठी घातली, कोणत्या तारखेला घातली, तिचा नंबर (म्हणजे जाडी) आणि प्रकार काय, आणि ती कधी काढायची. पहिला प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रोस्टेट वाढून लघवी अडली, ऑपरेशन झालं, पाठीची जखम ओली राहून चिघळतेय, ही कारणं समजण्यासारखी आहेत. ‘अंथरूण ओलं होतं’ हे एकटं कारण मला मान्य नाही. त्यासाठी डायपर आहे, पुरुषांना बाहेरून लावायची कंडोम नळी आहे, दर दोन-तीन तासांनी भांडं देणं आहे. आत घातलेली नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. घातल्याची तारीखही हवीच, कारण लॅटेक्सची नळी साधारण २ ते ४ आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते.

रोजची कामं सोपी आहेत. हात साबणाने धुवा. नळी जिथून आत जाते ती जागा साध्या साबणाने आणि पाण्याने दिवसातून एकदा धुवा. बायकांना पुढून मागे, पुरुषांना कातडी मागे घेऊन. धुऊन झाल्यावर ती कातडी पुन्हा पुढे आणायलाच हवी. मागे राहिली तर सूज येते आणि मग ती पुढे येत नाही. पावडर, अँटिसेप्टिक काही नको. पिशवी ओटीपोटाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. निम्मी ते पाऊण भरली की खालच्या तोटीने रिकामी करा. नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, थोडी ढिली, म्हणजे कूस बदलताना ताण येणार नाही.

आता खरी अवघड पायरी. रात्री पिशवी बघता तर दोन-तीन तासांत थेंब नाही. सुरुवातीला मलाही हीच वेळ सगळ्यात जड जायची, कारण कारणं अनेक आणि माणूस कळवळत असतो. घाबरून फोन लावण्याआधी एका ठरलेल्या क्रमाने बघा.

आधी चादर पूर्ण बाजूला करा. पांघरुणावरून चाचपून कळत नाही. नळीच्या सुरुवातीपासून पिशवीपर्यंत बोटं फिरवत जा. दहातल्या बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो: नळी मांडीखाली दबलेली, पलंगाच्या दांडीत अडकलेली, किंवा जोडाजवळ तिला पीळ पडलेला. मांडी उचलून पीळ सोडवला की कधीकधी लघवी एकदम धारेने येते. तसंच, नळीचा सैल भाग पलंगाच्या कडेवरून खाली लोंबून परत वर चढत असेल, तर त्या झोळीत लघवी साचते आणि पुढे सरकत नाही. सैल भाग गादीवर पसरून ठेवा.

पीळ नाही, झोळी नाही? मग पेशंटला कूस बदलायला लावा, बसवता येत असेल तर बसवा. मग शौचाला कधी झाली ते विचारा. घट्ट मळाचा गोळा मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतो आणि वृद्धांमध्ये हे फार होतं. पाणी किती प्यायलं तेही बघा. पण हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी पाण्यावर बंधन घातलं असेल, तर ते मोडू नका.

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि ओटीपोट हाताला घट्ट, फुगलेलं लागतंय, दुखतंय, तर नळी चोंदली आहे असं समजा आणि लगेच दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका. पिशवीत पांढरट कण दिसत असतील तर क्षार साचून नळी बुजली असण्याची शक्यता जास्त. सिरिंजने पाणी मारायचा प्रयोग घरी करू नका. नळी कापूनही टाकू नका. ती आत सरकली किंवा तिला मूत्राशयात धरून ठेवणारा पाण्याचा फुगा रिकामा झालाच नाही, तर मोठी अडचण होते.

आणि नळीच्या बाजूने लघवी गळत असेल तर ‘जाड नळी घाला’ हा सल्ला नाकाराच, पुन्हा पुन्हा सांगते. गळती बहुधा नळी चोंदल्यामुळे, बद्धकोष्ठामुळे किंवा मूत्राशयाच्या पेटक्यांमुळे असते, आणि जाड नळीने पेटके वाढतात. पेटक्यांवर गोळ्या मिळतात, पण त्यांतल्या काहींनी वृद्धांना भ्रम होतो, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा.

पेशंट गोंधळून नळी ओढत असेल तर हात बांधण्यापेक्षा नळी पायजम्याच्या आत, नजरेआड वळवून ठेवा. फुगलेल्या फुग्यासकट ओढली गेली तर मूत्रमार्ग फाटतो. रक्त दिसलं, किंवा नळी बाहेर आली, तर घरी परत घालू नका.

लघवीच्या तपासणीबद्दलही सांगते. नळी महिनाभर राहिली की जवळपास सगळ्यांच्या लघवीत जंतू सापडतात. लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो, एवढ्यावरून अँटिबायोटिक मागू नका. ताप, थंडी वाजणं, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणं, एकाएकी बरळायला लागणं, यांपैकी काही असेल तर तपासणी करा. नमुना नवीन नळीतून किंवा नळीवरच्या नमुन्याच्या जागेतून घ्यायला सांगा, पिशवीतून नाही.

नळी काढायची असेल तेव्हा सकाळची वेळ मागून घ्या. काढल्यावर दर वेळी लघवी किती झाली ते मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. सहा-आठ तासांत झालीच नाही, किंवा थोडी थोडी होऊन ओटीपोट फुगतच राहिलं, तर दवाखाना उघडा असतानाच परत जाता येतं. सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा. त्यांतल्या काहींनी लघवी पुन्हा अडते.